ठोकली, घासली की लागली?

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी एका ओरखड्याबद्दल बोलणार आहे. लांबी दीड वीत. खोली म्हणाल तर त्यात नखही रुतणार नाही. मुलुंडच्या एका सोसायटीत, स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, उभ्या असलेल्या राखाडी गाडीच्या डाव्या अंगावर हा ओरखडा आहे, आणि तो मी काढला असं त्या गाडीच्या मालकांचं म्हणणं आहे. मी नाही काढला, असं माझं म्हणणं आहे.

जानेवारीतली गोष्ट. नणंदेकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी, माझी जाऊ, जावेची सून आणि आमच्या शेजारच्या काकू अशा चौघी माझ्या गाडीतून गेलो. नणंदेने शेजाऱ्यांची रिकामी जागा विचारून ठेवली होती. साडेचारच्या सुमारास मी गाडी मागे घेत तिथे लावली, आम्ही वर गेलो, वाण लुटलं, तिळगूळ खाल्ला. सातच्या सुमाराला इंटरकॉम वाजला. "वो लाल गाडीवाली मॅडम को नीचे भेजो."

खाली आठ-दहा माणसं जमली होती. सातव्या मजल्यावरचे गृहस्थ मोबाइलचा टॉर्च गाडीवर मारत उभे होते. मला बघताच म्हणाले, "काकू, गाडी ठोकलीत आणि वर जाऊन खुशाल बसलात?"

या वाक्यातला पहिला शब्द सोडा. काकूपण आता अंगवळणी पडलंय. माझं लक्ष 'ठोकलीत'वर गेलं. मुंबईत गाडीला गाडी भिडली की त्याला किती क्रियापदं आहेत बघा. ठोकली, धडकली, घासली, लागली, चाटून गेली. 'लागली' म्हटलं की दोष जागेचा. 'घासली' म्हटलं की थोडा चालवणाऱ्याचा. आणि 'ठोकली' म्हटलं की खटला संपला, फक्त रक्कम ठरायची राहिली. नारायणरावांच्या बाबतीत 'ध'चा 'मा' झाला असं सांगतात, इथे तर अख्खं क्रियापदच बदललं होतं.

सेक्रेटरी आले, त्यांनी वॉचमनला विचारलं, "इन्होंनेही ठोका ना?" वॉचमन आधी म्हणाला होता, "कुछ आवाज आया था." आता म्हणाला, "हाँ साब, ठोका होगा." पाच मिनिटांनी हा 'होगा' गळून पडला.

मला या वॉचमनचा राग नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरींच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, वेग किती होता? प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. 'आदळल्या तेव्हा' असं विचारलं तर सरासरी उत्तर आलं ताशी ४१ मैलांच्या आसपास. 'एकमेकींना टेकल्या तेव्हा' असं विचारलं तर ३२. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या' ऐकलेल्या पन्नास जणांपैकी १६ जणांना ती दिसली होती. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

आणि खरं सांगू? वॉचमनचं जाऊ द्या, माझंच तसं झालं. माझ्या गाडीच्या मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर एक खरवड आहे. गृहस्थांनी टॉर्च तिच्यावर रोखला, म्हणाले, "हे काय मग?" ती कधीची, कुठली, मला सांगता येईना. एखाद्या पे अँड पार्कमधल्या खांबाची असेल, बाजारात कुणी स्कूटर टेकवली असेल. मुंबईत गाडी वापरणाऱ्याला आपल्या प्रत्येक ओरखड्याची जन्मतारीख माहीत नसते. पण त्या घोळक्यात उभी असताना मला खरंच एक 'खर्र' असा आवाज आठवायला लागला. गाडीत चौघींच्या गप्पा चालल्या होत्या, काचा वर होत्या, मग मला तो कसा ऐकू येणार? तरी आठवत होता. श्रोतेहो, निरपराध माणसाच्या मनातसुद्धा चांदणं पडतं.

इतक्यात नणंदेने मला बाजूला घेतलं. "वहिनी, दोन-तीन हजारांत मिटवा ना. मला रोज लिफ्टमध्ये भेटतात ते." तिचंही खरं होतं. मी पाहुणी, आज आले, उद्या जाणार. आणि सोसायटीत पाहुण्याची गाडी ही आधीच अर्धी आरोपी असते. (२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. पण कागदावर जागा कुणाचीही असो, तिच्यावर माणसाचा जीव घराच्या उंबरठ्याइतकाच असतो.)

मी पर्स उघडली होती, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "पैशांचं नंतर. आधी लिहून द्या, गाडी तुमच्या हातून ठोकली म्हणून." आणि माझा हात थांबला. मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. मापं घेतल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही, ही सवय. म्हटलं, "लिहू की. पण आधी मोजू."

कुणीतरी वरून टेप आणला. त्यांच्या ओरखड्याची जमिनीपासून उंची ५८ सेंटिमीटर. माझ्या बंपरवरच्या खरवडीची ५१. गृहस्थ लगेच म्हणाले, "तेव्हा गाडीत चार माणसं होती, उंची वेगळी असणार." मुद्दा बरोबर होता. वजनाने गाडी दबतेच. म्हटलं, बसून बघू. मग संक्रांतीच्या काळ्या साड्या नेसलेल्या आम्ही चौघी, हातात वाणाचे डबे, पुन्हा गाडीत बसलो आणि वॉचमनने मागे टेप धरला. माझी खरवड ४९ वर आली. गाडी दबली म्हणजे खालीच जाणार, वर कशी येईल? सात सेंटिमीटरचा फरक नऊ झाला.

लोक हसले. सेक्रेटरीही हसले. आणि तिथेच माझं गणित चुकलं. मापात मी जिंकले, पण चारचौघांत हसू झालेला माणूस पुढचं काहीच मानत नाही. मी हळू आवाजात, त्यांना एकट्याला बाजूला घेऊन दाखवायला हवं होतं. तसं केलं असतं तर कदाचित आज हे भाषण झालं नसतं.

आता ओरखड्याकडे जरा जवळून बघू. पूर्वी आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढायचो. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायची. खरवडताना शाईचा चुरा ब्लेड जिथे थांबतं तिथे जमतो, सुरुवातीला नाही. गाडीच्या रंगाचंही तसंच. त्यांच्या ओरखड्याचं मागचं टोक बारीक होतं, केसासारखं, आणि पुढच्या दाराकडच्या टोकाला रंगाची पापुद्र्यासारखी घडी उभी राहिली होती. बोट फिरवलं की लागायची. म्हणजे घासणारी वस्तू त्यांच्या गाडीच्या मागून पुढे गेली होती. दोन्ही गाड्यांची तोंडं बाहेर. मी मागे येत लावली, म्हणजे माझा बंपर त्यांच्या गाडीला लागलाच असता तर पुढून मागे गेला असता. चुरा मागच्या टोकाला हवा होता.

मग कोण? आधी त्या जागेतून बाहेर पडलेली एखादी गाडी असू शकते. किंवा त्यांचीच गाडी मागे येताना कशाला तरी घासलेली असू शकते. स्टिल्टमध्ये खांब काय कमी असतात? मुंबईच्या विकास नियमावलीत छोट्या गाडीची जागा धरली आहे २.३ मीटर बाय ४.५ मीटर, मोठ्या गाडीची २.५ बाय ५.५. माझी छोटी गाडीच १.६ मीटरच्या वर रुंद आहे. उरलेल्या सत्तर सेंटिमीटरमध्ये दोन्ही बाजूंची दारं उघडायची आणि पैठणी सांभाळून उतरायचं. तर कोणी केलं हे मला ठाऊक नाही, मी ते बोललेही नाही. "तुम्ही काय डिटेक्टिव्ह आहात का?" एवढं मात्र ऐकून घेतलं.

सकाळी ओरखडा नव्हता, असं गृहस्थ शपथेवर सांगत होते. सकाळी गाडी पुसणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "साब, मैं पानी मारता हूँ, देखता नहीं." इतका प्रामाणिक साक्षीदार त्या दिवशी दुसरा भेटला नाही.

शेवटी मी कागदावर लिहिलं ते असं. तुमच्या गाडीवर ओरखडा आहे, मी पाहिला. तो माझ्या गाडीमुळे झाला हे मला मान्य नाही. तारीख, वेळ, दोन्ही मापं. गृहस्थांनी सही केली नाही. मी फोटो काढले, टेप गाडीला लावून, आकडा दिसेल असे, आणि कागदासकट सेक्रेटरींना व्हॉट्सॲपवर पाठवले. सोबत विनंती केली की कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आजच्या आज काढून ठेवा. डीव्हीआर भरला की जुन्यावर नवं चढतं, आणि त्या सोसायटीत ते पंधरा दिवसांत चढायचं.

पैसे दिले नाहीत याचं आणखी एक कारण मला घरी जाऊन कळलं. विम्याची पॉलिसी आपण कुणी वाचत नाही. मी त्या रात्री चष्मा लावून वाचली. त्यात अटच आहे की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, द्यायचं वचनही द्यायचं नाही. मोठ्या मनाने "देऊन टाकते हो" म्हणणारा माणूस आपल्याच विम्याची अट मोडत असतो. आणि गृहस्थांना रोखच का हवे होते तेही उमगलं. स्वतःच्या विम्यातून काम केलं तर पहिले हजार-दोन हजार खिशातून जातात आणि वर 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो, पाच वर्षं क्लेम केला नाही तर ५० टक्क्यांपर्यंत चढतो. आठ हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी तो कोण घालवेल? त्यांचा हिशेब चोख होता. फक्त त्यात बोट माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलीस ठाण्यात गेले. आरोप मान्य नसताना कशाला, असं यजमान म्हणाले. पण मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम सांगतं की अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकाने २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं, आणि विमा कंपनीलाही. म्हटलं, उद्या कुणी 'पळून गेल्या' असं नवं क्रियापद काढायला नको. हवालदारांनी शांतपणे ऐकलं, फोटो बघितले, चार काळ्या साड्यांचा फोटो दोनदा बघितला. मग म्हणाले, "बाई, मुद्दाम केलंय का? नाही ना? मग गुन्हा कसला. भरपाई हवी असेल तर त्यांनी कोर्टात जावं." कायद्याच्या मराठीत मुद्दाम केलेल्या नुकसानीला 'आगळीक' असा गोड शब्द आहे. हेतू किंवा जाणीव असल्याशिवाय आगळीक होत नाही. आणि कोर्टात गेलंच तर जो म्हणतो त्यानेच सिद्ध करायचं. नव्या साक्ष अधिनियमातलं ते १०४ वं कलम. मी निर्दोष आहे हे मला सिद्ध करायचं नव्हतं. घोळक्यात उभं असताना मात्र अगदी उलट वाटतं.

रेकॉर्डिंग चार दिवसांनी बघायला मिळालं. कॅमेऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे, आणि कॅमेरा फक्त गेटवर. त्यांची गाडी माझ्या आधी दोन तास आत येताना दिसते, पण उजवं अंग. डावं दिसतच नाही. माझी लाल गाडी येते, वळते, खांबाआड जाते. बस. गाड्यांबद्दल त्या चित्रीकरणातून काहीच कळलं नाही. कळलं ते वॉचमनबद्दल. माझी गाडी खांबाआड असताना तो गेटजवळ खुर्चीत बसून, पाठ आमच्याकडे करून, चहा पीत होता.

हे मी कुणाला दाखवायला गेले नाही. त्याची नोकरी जायची.

विमा कंपनीकडून एक नोंद क्रमांक आला, पुढे काही नाही. गृहस्थ कोर्टात गेले नाहीत, पोलिसांत गेले नाहीत, आणि त्यांनी गाडी दुरुस्तही केली नाही. 'पुरावा आहे' असं सांगतात म्हणे. नणंद त्यांच्याबरोबर लिफ्टने न जाता तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढते. गुडघे दुखतात तिचे. त्याचा दोष मात्र मी स्वतःकडे घेते.

परवा तिच्याकडे गेले होते. गाडी बाहेर रस्त्यावर लावली आणि चालत आत शिरले. वॉचमन खुर्चीतून उठला, सलाम केला आणि माझ्या पर्सकडे बघत म्हणाला, "मॅडम, आज टेप लाई हो क्या?"

आणली होती. नमस्कार.