सिंत्राच्या रानातला गरीब मठ

श्रोतेहो, नमस्कार.

लिस्बनच्या पश्चिमेला सिंत्राचा डोंगर आहे. अटलांटिकवरून आलेलं धुकं तिथे झाडीत अडकून राहतं. त्या ओल्या रानात, प्रचंड शिळांच्या आडोशाला, फ्रान्सिस्कन साधूंचा कापुशुश मठ आहे. १५६० साली तो उभा राहिला, आणि त्यामागचं नाव गोव्याच्या इतिहासातलं आहे: दों जुआंव द कास्त्रो. दीवचा पडका किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवेत म्हणून स्वतःच्या दाढीचे केस गोवेकरांकडे तारण धाडणारा हाच तो गव्हर्नर. १५४८ मध्ये तो गोव्यातच वारला. रानात मठ व्हावा ही त्याची इच्छा मुलाने, आल्वारुने, पुरी केली.

सत्ताधारी घराण्याचं बांधकाम, पण थाट कुठेच नाही. वाटेत आलेल्या शिळा तशाच भिंतींत घेतल्या. खोल्या इतक्या लहान, दारं इतकी बुटकी, की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. थंडी आणि ओल अडवायला दारांना, छताला कॉर्क ओकची साल लावली; आपण बाटलीला बूच लावतो, तीच. ही साल झाड न तोडता काढता येते. स्पेनचा आणि त्या वेळी पोर्तुगालचाही राजा असलेला दुसरा फिलिप १५८१ मध्ये इथे आला होता. माझ्या राज्यात मला दोन जागा प्रिय, श्रीमंतीसाठी स्पेनमधला एस्कोरियलचा राजवाडा-मठ आणि गरिबीसाठी हा मठ, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

या गरिबीचं मूळ असिसीच्या संत फ्रान्सिसकडे जातं. एकांतात राहणाऱ्यांसाठी त्यांनी एक छोटा नियम लिहिला होता. तिघांनी, फार तर चौघांनी एकत्र राहायचं. दोघांनी आई व्हायचं, बाकीच्यांनी मुलं. आयांनी कामं बघायची, बाहेरच्यांचा त्रास मुलांपर्यंत पोचू द्यायचा नाही; मुलांनी प्रार्थनेत राहायचं. आणि मधूनमधून भूमिका बदलायच्या! एकांताचा इतका मायाळू नियम मला दुसरा ठाऊक नाही. कुणाची तरी सेवा पाठीशी असल्याशिवाय ध्यान होत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

याच पंथाचं जुन्या गोव्यातलं चर्च सोन्याने मढवलेल्या वेदीसाठी प्रसिद्ध आहे. ते सुंदर आहेच. पण फ्रान्सिस मला सिंत्रात अधिक जवळचे वाटतात.

१८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि साधू मठ सोडून गेले. आवारातलं जुनं ओकचं रान मात्र टिकलं. आज मठ सर्वांना पाहता येतो. लिस्बनला जाणं झालं तर सिंत्रातल्याच पेना राजवाड्याच्या गर्दीतून थोडा वेळ काढून इकडे जरूर या. वाट ओली असते, पायात चांगले बूट असू द्या.

नमस्कार.