डिसेंबरचे दस्त

(ठाणे. कासारवडवली, घोडबंदर रोड. बांधकाम चालू असलेले टॉवर.)

सप्टेंबर २०२०. लॉकडाऊनमुळे घरांचे व्यवहार थंडावले होते. राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांनी कमी केलं. जानेवारी ते मार्च ही सवलत दोन टक्क्यांवर येणार होती आणि एप्रिलपासून बंद.

इथं ऐंशी लाखांचा फ्लॅट बघून ठेवलेलं एक जोडपं धरा. ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरलं तर २ लाख ४० हजार वाचणार. दुसऱ्या दिवसापासून १ लाख ६० हजारच. मग एफडी मोडायची, सासऱ्यांकडून उसने घ्यायचे, पण चलन डिसेंबरातच भरायचं. सह्या झाल्यावर दस्त नोंदवायला कायद्यानं चार महिने मिळतात; घाई असते ती शुल्काची.

(दुय्यम निबंधक कार्यालय. टोकन घेऊन बसलेली माणसं.)

डिसेंबरात झालेल्या दस्तांच्या आकड्याकडे बोट दाखवून ‘सवलतीनं एवढी घरं खपली’ म्हणणं चूक आहे. हे जोडपं जूनमध्ये घर घेणारच होतं. सवलतीनं त्यांची फक्त तारीख अलीकडे ओढली आणि जूनचं एक गिऱ्हाईक कमी झालं. म्हणून एप्रिलनंतरचे महिनेही हिशोबात धरायला हवेत. ऑगस्टअखेर घोषणा ऐकून सप्टेंबरपर्यंत थांबलेलेही.

त्यात दुसरी लाट आली, गृहकर्ज स्वस्त होतं. ठाण्याची तुलना नवी मुंबईशी करावी, तर सवलत तिथंही होती. तेव्हा सवलतीचा परिणाम मोजणाऱ्या अभ्यासकाला प्रत्येक घरातला प्रश्नच मांडावा लागतो: आज घ्यावं की थांबावं? भाडं किती जातंय, नोकरी टिकेल का, पुन्हा सवलत येईल का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. धोरण बदललं की लोकांचे अंदाजही बदलतात, मग जुन्या आकड्यांवरून बांधलेले ठोकताळे चालत नाहीत, असं अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९७६ मध्येच बजावलं होतं. एकदा सवलत पाहिलेला माणूस पुढच्या सवलतीची वाट बघू शकतो.

एप्रिल २०२१ पासून फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट मिळू लागली. या सवलतीला मुदत नव्हती, त्यामुळे घाई नव्हती. प्रश्न होता दस्तावर कोणाचं नाव घालायचं. पण अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये ती अट निघाली. सूट तेवढीच राहिली, वाढली ती पुढची मोकळीक. अट असताना आणि अट गेल्यावर ठाण्यात किती घरं एकट्या बाईच्या नावावर झाली, हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं, तर घर घेताना माणूस किती वर्षं पुढचं बघतो याचा माग काढायला सुरुवात करता येते.