सही करण्याआधी

(दृश्य : सांगली, विष्णुदास भावे नाट्यमंदिर)

५ नोव्हेंबर १८४३. विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. पाठीशी संस्थानिक होते, चिंतामणराव पटवर्धन. राजाश्रय होता, करारनाम्याचं काम नव्हतं. आजच्या कलाकाराच्या पाठीशी राजा नाही. समोर गाणी-सिनेमे काढणारी कंपनी आहे, आणि कंपनीचा वकील.

(दृश्य : विधी महाविद्यालयातला वर्ग)

‘मनोरंजन कायदा’ या नावाचा एकच असा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि सगळ्यात जास्त १९५७ चा कॉपीराइट कायदा, असं थोडं थोडं जमवून तो शिकावा लागतो.

सुरुवात घरच्याच उदाहरणानं होते. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे लावणीकार पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले. कवीच्या पश्चात कॉपीराइट 60 वर्षं टिकतो. म्हणजे 2005 अखेर तो संपला, 2006 पासून त्यांची लावणी कुणीही खुशाल गावी. मग यूट्यूबवर टाकलेल्या लावणीला क्लेम, म्हणजे दुसऱ्याचा हक्काचा दावा, कसा येतो? कारण मागे वाजणारं रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणाचं तरी असतं, आणि त्याचे हक्क वेगळे. लावणी मोकळी, रेकॉर्डिंग नाही. इथं वर्ग पहिल्यांदा जागा होतो.

लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला मात्र कायद्यानंच मोकळीक दिली आहे. डीजेचा आवाज हा वेगळा विषय, त्याला वेगळा कायदा.

(दृश्य : बाकावर करारनामा, समासात पेन्सिलीच्या खुणा)

आजचा धडा एका गायिकेच्या करारनाम्याचा आहे. नमुना वर्गापुरता तयार केलेला, भाषा मात्र बाजारातलीच. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात.’ विश्वात म्हटल्यावर मागच्या बाकावर हशा पिकतो. मग कॉपीराइट कायद्याचं कलम १९ उघडलं जातं. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलंच नसेल, तर कायदा 5 वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल, तर फक्त भारत. म्हणजे हा कागद गप्प राहिला असता, तर गायिका जास्त फायद्यात राहिली असती!

गीतकार-संगीतकारांना याच कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक आधार दिला. रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरल्याबद्दल येणाऱ्या पैशातला, त्यांचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. घेतलाच, तर तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल.

करारनाम्यातलं शेवटचं कलम सहसा कुणी वाचत नाही. ‘वाद झाल्यास फक्त मुंबईच्या न्यायालयात.’ खरं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे हक्काचा मालक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. कवठेमहांकाळच्या गीतकाराला सांगली जवळ. मुंबईची तारीख म्हणजे प्रवास, मुक्काम आणि बुडालेली कार्यक्रमाची सुपारी.

मुलं मसुदा दुरुस्त करतात. मुंबईच्या जागी सांगली, कायमस्वरूपीच्या जागी 5 वर्षं. कंपनी हे कबूल कशाला करेल, असं एक जण विचारतो. पुढचा तास त्याचाच आहे : वाटाघाटी.