फक्त रविवारी

(दृश्य: आरशासमोर बसलेली बाई. वेणीसाठी हात वर जातो, अर्ध्यावरूनच खाली येतो.)

खांद्यात बळच उरलेलं नाही. जमिनीवरून उठायचं तर आधी हात टेकायचे, मग भिंत धरायची. थकवा असेल, वय झालं असेल, असं म्हणत महिने जातात. मग कुणीतरी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासायला सांगतं आणि आकडा हजारांत येतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटलेली असते. जोडीला पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे असले, की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं डर्मॅटोमायोसायटिसचं, म्हणजे स्नायू आणि त्वचा दोन्हींना सूज आणणाऱ्या आजाराचं.

सुरुवात बहुधा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने होते. आजार जोरात असेल तर किलोमागे रोज १ मिलिग्रॅमच्या आसपास. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे माणसं दचकतात, बरं वाटताच गोळ्या परस्पर बंद करतात. कृपा करून असं करू नका. या काळात शरीराने कॉर्टिसॉल, म्हणजे स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं. गोळी एकदम थांबली तर जिवावर बेतू शकतं. ती पायरीपायरीनेच उतरवायची.

पण कायम मोठा डोसही परवडत नाही. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि खुद्द स्टेरॉइडमुळेच मांड्या दुबळ्या पडू शकतात. सीपीके नॉर्मल, तरी जिना चढवत नाही, तेव्हा हाही संशय घ्यावा लागतो. म्हणून लवकरच प्रतिकारशक्तीला आवर घालणारं दुसरं औषध जोडीला येतं: मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन. फुफ्फुसांनाही सूज असेल, तर मायकोफेनोलेट किंवा टॅक्रोलिमस.

(दृश्य: गोळ्यांची पट्टी. त्यावर पेनाने ठळक लिहिलेलं ‘रविवार’.)

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावतोसुद्धा. गोळ्या काढून देणाऱ्या सुनेला, नातवालाही तो वार पाठ असू द्या. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या दिवशी. मूल हवं असेल, तर हे औषध सुरू होण्याआधीच बोला.

एवढ्यानेही भागलं नाही, तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोडर्म चाचणीत डर्मॅटोमायोसायटिसचे ९५ रुग्ण होते. १६ आठवड्यांनी हे औषध घेणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांना किमान थोडी सुधारणा दिसली. तुलनेसाठी नुसतं सलाईन घेणाऱ्यांत ४४ टक्क्यांना. गुण येतो, पण खर्च घर हलवणारा. प्रतिकारशक्तीच्या बी पेशी घटवणारं रिटक्सिमॅबही आहे, त्याआधी हिपॅटायटिस बी तपासायलाच हवं.

इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस हा स्नायूंच्या सुजेचा दुसरा प्रकार मात्र या औषधांना सहसा दाद देत नाही. म्हणून गुण येत नसेल, तर डोस वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्यायचं.

(दृश्य: तपासणीची खोली. डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवतात आणि बाईंना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतात.)