कोल्हापूरची दोन मतं

हा कोल्हापूरचा बिंदू चौक. सकाळी चहाच्या गाड्यावर चार माणसं उभी असली की निवडणूक असो नसो विषय राजकारणाचाच निघतो, आणि पहिला प्रश्न कुठल्या पक्षाचा असा नसतोच, कुठल्या गटाचा हा असतो. पक्ष मागनं येतो.

म्हणून लाटेची निवडणूक समजून घ्यायची तर कोल्हापूर बघावं असं मला मनापासून वाटतं. 2014 ला मोदी लाट, राज्यात 48 पैकी 42 खासदार महायुतीचे, राष्ट्रवादीला मिळाल्या फक्त 4 जागा. बारामती, सातारा, माढा आणि चौथी कोल्हापूर. धनंजय महाडिक निवडून आले, आणि त्यांच्यासाठी काँग्रेसच्या सतेज पाटलांनी, म्हणजे बंटी पाटलांनी, महाडिक घराण्याशी असलेलं जुनं वैर बाजूला ठेवून काम केलं होतं. पुढं पाचच महिन्यांत विधानसभा लागली आणि कोल्हापूर दक्षिणमध्ये बंटी पाटील पडले, कुणाकडनं तर धनंजय महाडिकांचेच चुलतभाऊ अमल यांच्याकडनं, तेही भाजपच्या तिकिटावर! जिल्ह्यात शिवसेनेचे 6, भाजप 2, राष्ट्रवादी 2, काँग्रेसचा एकही आमदार नाही.

ते लोकांनी आणि बंटी पाटलांनी लक्षात ठेवलं.

2019. चौकातल्या या भिंतीवर तेव्हा दोनच शब्द होते, 'आमचं ठरलंय'. पक्षाचं नाव नाही, पण वाचणाऱ्याला सगळं कळायचं. धनंजय महाडिक काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे उमेदवार, बंटी पाटलांची काँग्रेस त्याच आघाडीत, तरी बंटी पाटलांची सगळी यंत्रणा शिवसेनेच्या संजय मंडलिकांसाठी पळाली, आणि मंडलिक अडीच लाखांपेक्षा जास्त मतांनी आले. बाहेरच्यांनी लिहिलं लाट, लाट तर होतीच ओ, पण लाटेत एवढं लीड कुणी घातलं ते गावागावात माहीत होतं. कारण ऑक्टोबरला त्याच लोकांनी जिल्ह्यात काँग्रेसचे 4 आणि राष्ट्रवादीचे 2 आमदार दिले, शिवसेना 6 वरनं 1 वर आली आणि भाजपला भोपळा. जिल्ह्याचे दोन्ही खासदार शिवसेनेचे असताना!

याला लोक चंचल म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. इथल्या शेतकऱ्याला दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, ऊस कारखान्याला जातो, पीककर्ज सेवा सोसायटीतनं निघतं, आणि या प्रत्येक ठिकाणी कुणाचा ना कुणाचा गट बसलेला असतो. दिल्ली लांब, सोसायटी दारात. मग खासदारकीचा हिशोब वेगळा आणि आमदारकीचा वेगळा, हे त्याला सवयीचं आहे. जिल्हा परिषदेला तर एकाच दिवशी दोन मतं असतात, एक जिल्हा परिषदेला, एक पंचायत समितीला, आणि दोन्हीकडं एकच चिन्ह दाबलं पाहिजे असं काही नाही.

आणि हे फक्त आपल्याकडंच घडतं असंही नाही. कागल ओलांडून पुढं निपाणीला गेलात की कर्नाटक. डिसेंबर 1984 ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत तिथं काँग्रेसनं 28 पैकी 24 खासदार निवडून आणले, जनता पक्षाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडेंनी राजीनामा देऊन विधानसभेची निवडणूक घ्यायला लावली, आणि मार्च 1985 ला त्याच मतदारांनी जनता पक्षाला 224 पैकी 139 आमदार दिले. तीन महिन्यांत! महाराष्ट्रात 1999 ला लोकसभा आणि विधानसभा एकत्रच झाल्या. युतीला 48 पैकी 28 खासदार मिळाले, पण विधानसभेत आकडा 125 वर थांबला, सत्ता गेली.

आता 2024. मे महिन्यात महायुतीची घोषणा होती, 'मान गादीला, मत मोदीला'. लोकांनी गादीला मान पण दिला आणि मत पण दिलं, कोल्हापूरच्या गादीचे शाहू छत्रपती महाराज काँग्रेसकडनं दीड लाखावर मतांनी जिंकले. नोव्हेंबरची विधानसभा उजाडली, मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे दीड हजार बायकांच्या खात्यावर येऊ लागले होते, आणि जिल्ह्यातल्या दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या बाजूच्या लोकांकडं गेल्या. काँग्रेस पुन्हा शून्य.

पण नुसत्या दहा शून्य या आकड्यावर जाऊ नका. करवीर मतदारसंघ बघा. लोकसभेला याच करवीरनं महाराजांना मोठं लीड दिलं होतं, निकालाआधी काही दिवस इथले काँग्रेसचे आमदार पी. एन. पाटील वारले, विधानसभेला त्यांचा मुलगा राहुल काँग्रेसकडनं उभा राहिला. शेवटच्या फेरीपर्यंत दोन्हीकडच्या पोरांनी गुलालाची पोती फोडली नव्हती. महायुतीचे चंद्रदीप नरके जिंकले, फरक दोन हजारांच्या आतला.