सतरंज्या उचलणाऱ्यांचे राजकारण

मित्रहो, पुरोगामी राजकारण उभे करण्यासाठी एकत्र आलेल्या तरुणांच्या बैठकांत मी अनेक वर्षे बसत आलो आहे. तेथे जाहीरनाम्याच्या एकेका शब्दावर रात्र रात्र चर्चा होते. पण वर्गणीची पावती कोण फाडणार, बैठकीचे इतिवृत्त कोण लिहिणार आणि आज पहिल्यांदाच आलेल्या बाईंना बोलायला वेळ मिळणार की नाही, हे प्रश्न किरकोळ समजून सोडून दिले जातात. माझे म्हणणे असे आहे की, आपल्याला समता खरोखरच हवी आहे की नाही, हे याच प्रश्नांच्या उत्तरांत ठरते. ज्या चळवळींनी पुढे कायदे बदलले, त्यांनी ही उत्तरे फार आधी, कोणी पाहत नसताना दिलेली होती.

जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. सत्यशोधक समाज स्थापन झाला तो त्यानंतर पाच वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मात्र घरचा हौद खुला करणे ही एका कुटुंबाची धैर्याची कृती होती, आणि चांगुलपणा घरापुरताच राहिला तर त्याची चळवळ होत नाही. सत्यशोधकांनी पुरोहितावाचून विवाह लावण्याची रीत घातली, तेव्हा ते मूल्य कोणत्याही साध्या कुटुंबाला आचरता येईल अशा रूपात लोकांपर्यंत पोहोचले. व्याख्यान ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. आपल्या मुलीचे लग्न त्या रीतीने लावणारा बाप मात्र नातेवाइकांचा रोष पत्करतो, आणि त्या दिवसापासून तो चळवळीचा होतो.

कायदा किंवा ठराव झाला की काम संपले, असे मानणाऱ्यांनी महाडचा इतिहास पुन्हा वाचावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही त्याला अनुसरून ठराव केला. तरीही तळ्याचे पाणी घेण्याची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह हजारो माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा कागदावरच्या हक्काला माणसे मिळाली. त्यांतल्या अनेकांना त्याच दिवशी मार खावा लागला.

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराची गोष्ट आपण सहसा रोझा पार्क्स यांच्या एका नकारापासून सांगतो. १ डिसेंबर १९५५ रोजी त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही आणि त्यांना अटक झाली, हे खरे. पण त्या १९४३ पासून तेथल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या शाखेचे चिटणीसपद सांभाळत होत्या. अटकेच्याच रात्री तेथल्या कार्यकर्त्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी बसवरील बहिष्काराची हजारो पत्रके छापून घेतली, आणि महिलांच्या संघटनेने ती सकाळी वाटली. यादी, संपर्क आणि एकमेकींवरचा विश्वास आधीपासून नसता, तर एका रात्रीत हे झाले नसते. पुढचे ३८१ दिवस माणसे पायी गेली. कोणाची गाडी कोणत्या कोपऱ्यावर किती वाजता उभी राहील, याचे वेळापत्रक रोज पाळले गेले. इतके दिवस टिकते ते त्या वेळापत्रकामुळे. भाषणाचा आवेश दुसऱ्या आठवड्यात ओसरतो.

त्याच काळातल्या, त्याच लढ्यातल्या अमेरिकी कार्यकर्त्या एला बेकर यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते. संघटनांच्या शाखांतून प्रवास करत माणसे जोडण्यात त्यांनी आयुष्य घालवले. एप्रिल १९६० मध्ये आंदोलक विद्यार्थ्यांना त्यांनी एकत्र बोलावले, तेव्हा या तरुणांनी एखाद्या प्रस्थापित संघटनेची युवा शाखा व्हावे, असा विचार पुढे आला होता. त्यांनी स्वतंत्रच राहावे, या बाजूने बेकर ठाम उभ्या राहिल्या. लोकांना एका नेत्यावर विसंबण्याची सवय लागली की त्यांची स्वतःची ताकद वाढत नाही, असे त्या मानत. आपल्या संघटनांत सतरंज्या उचलणारे तेच आणि व्यासपीठावर बसणारे तेच, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालते. समतेची भाषा बोलणाऱ्यांनी ही वाटणी खपवून घेणे मला असह्य वाटते, आणि माझ्याही हातून ते अनेकदा घडले आहे.

आता राजस्थानकडे येतो. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे कार्यकर्ते १९८७ मध्ये राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या गावी राहायला गेले. पुढे १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. सरकारी कामांवर राबणाऱ्या मजुरांना पूर्ण किमान वेतन मिळत नव्हते, आणि विचारले की उत्तर यायचे की तुमचे काम कागदोपत्री तेवढे भरत नाही. मग तो कागद आम्हाला दाखवा, अशी मागणी तेथून निघाली. संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते स्वतःही किमान वेतनाएवढेच मानधन घेत. जी रक्कम मजुराला मिळावी म्हणून ते झगडत होते, तीवरच ते स्वतः जगत होते, म्हणून गावकऱ्यांना त्यांच्या शब्दाची खात्री पटवावी लागली नाही.

डिसेंबर १९९४ पासून संघटनेच्या जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरच्या उघड सुनावण्या, सुरू झाल्या. गावात मांडव घालून हजेरीपट आणि बिले मोठ्याने वाचली जात, आणि जे कधी कामावर गेलेच नाहीत अशांची नावे हजेरीत निघाली की माणसे उठून तसे सांगत. निरक्षर बाईला माहितीच्या हक्काची व्याख्या कोणी समजावली नव्हती. स्वतःचे नाव आणि खोटा आकडा ऐकल्यावर तिला ती उमगली. एप्रिल १९९६ मध्ये माहितीच्या हक्कासाठी राजस्थानातल्याच ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे सुरू झाले. राजस्थानचा माहिती अधिकार कायदा २००० मध्ये झाला आणि देशाचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

निवडणुकीबद्दल थोडेच सांगतो. ती लढवावी, सत्तेला कायम दूर ठेवणे हा काही सद्गुण नाही. पण मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, निकाल काहीही लागो, त्याच वस्तीत ठरल्या वेळी बैठक भरेल का, हे उमेदवारी अर्ज भरण्याआधी ठरवून ठेवावे. देशाचा माहिती अधिकार कायदा झाला त्याच वर्षी रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदाही झाला, आणि कामांचे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनीच केलेली हिशेबतपासणी, ग्रामसभेने करावे, असे त्यात लिहिले गेले. मांडवाखाली बिले वाचण्याची जी पद्धत मजुरांनी घडवली, तिचाच हा पुढचा टप्पा होता. जेथे लोकांना उठून बोलण्याची सवय होती, तेथे या कलमाचा उपयोग झाला. जेथे नव्हती, तेथे सह्या गोळा करून अहवाल पाठवले गेले.