झाडं आडवी आली म्हणून

फेब्रुवारी 1800. कॅनडातली ओटावा नदी गोठलीय. बर्फावरून बैल-घोड्यांच्या घसरगाड्या रांगेनं चालल्यात. सगळ्यांत पुढे एक स्थानिक आदिवासी, हातात छोटी कुऱ्हाड. चार पावलं जायचं, बर्फावर घाव घालायचा, जाडी बघायची, मगच मागच्यांना बोलवायचं. बायको-लेकराला काठावरच्या रानात ठेवून तो अनोळखी लोकांना वाट दाखवायला आला होता.

गाड्यांचा म्होरक्या फिलेमन राइट. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नचा शेतकरी, वय 39. सोबत आणखी चार कुटुंबं आणि 25 मजूर. 7 मार्चला शोडिएर धबधब्यापाशी मुक्काम पडला आणि कुऱ्हाड पेलेल तो प्रत्येक जण पहिल्या झाडाला भिडला. राइटला हवी होती शेती. झाडं आडवी आली, म्हणून तोडायची, एवढंच.

जवळच तिथले मूळ रहिवासी, अल्गॉन्क्विन लोक, मेपलच्या झाडाच्या रसाची साखर करत. आधी ते गंमत बघायला आले. मग दुभाष्या घेऊन त्यांचे प्रमुख आले आणि सरळ विचारलं: आमची झाडं तोडायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? राइटनं क्वेबेकच्या सरकारकडे बोट दाखवलं. सरकारनं त्यांना विचारलंच नव्हतं! तरीही पुढे त्यांनी राइटला आपल्यातला एक प्रमुख मानलं. मोठ्या मनाचीच माणसं म्हणायची.

गाव उभं राहिलं: हल. गिरण्या आल्या, पण सहा वर्षांत गाठीचा पैसा आटला. अडगळ वाटलेलं लाकूड आता आठवलं. 1806 च्या जूनमध्ये ओंडके बांधून प्रचंड तराफा केला, नाव कोलंबो, आणि राइट मुलाला नि मोजक्या गड्यांना घेऊन, लाकूड विकायला क्वेबेक शहराकडे निघाला. या नदीवरून असा तराफा कुणीच नेला नव्हता. खळाळ आला की तराफ्याचे तुकडे सोडायचे, एकेक पार करायचा, पुन्हा जोडायचे. क्वेबेक गाठायला दोन महिने लागले.

त्याच नोव्हेंबरात नेपोलियननं ब्रिटनशी व्यापार बंद केला. युरोपातल्या बाल्टिक समुद्राकडून येणारं लाकूड अडलं, जहाजं बांधायला लाकूड तर हवंच. ब्रिटन कॅनडाकडे वळलं. नशीब म्हणतात ते हे.

1808 मध्ये गिरण्या जळाल्या, राइटनं पुन्हा बांधल्या. 1826 मध्ये समोरच्या काठावर बायटाउन वसू लागलं, तेच आजचं ओटावा. हल आता गॅटिनो शहरात सामावलंय.

1829 मध्ये राइटचा मुलगा रगल्स यानं धबधब्याच्या बाजूनं लाकडी घसरण बांधली. तराफ्याचे तुकडे त्यावरून, गडी वर उभे असतानाच, सुसाट खाली उतरू लागले.